नऊ दिवस पूल उघडा होता

"बाई, शेवटचं वाक्य पुन्हा सांगा. मला नीट ऐकू आलं नाही."

पाहुण्या मंत्र्यांना नीट ऐकू आलं होतं. दुभाषी बाईंना ते त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. एकतीस वर्षं त्या दोन माणसांच्या मधल्या खुर्चीवर बसत आल्या होत्या. खरंच ऐकू न आलेला माणूस मान पुढे काढतो; ऐकू आलेलं ज्याला नको असतं तो खुर्चीत मागे सरकतो. मंत्री मागे सरकले होते. बाईंनी शेजारी बसलेल्या, आपल्या देशाच्या सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी होकारार्थी मान हलवली. मग बाईंनी तेच वाक्य, त्याच आवाजात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता पुन्हा सांगितलं.

"तुमच्यावर कोणी चाल करून आलं, तर आमचं सैन्य नदी ओलांडणार नाही."

नदीच्या अलीकडे बाईंचा देश, मोठा. पलीकडे मंत्र्यांचा देश, एवढासा. त्याच्या डोक्यावर उत्तरेला आणखी एक मोठा देश, आणि त्याची नजर गेली कित्येक वर्षं या चिमुकल्यावर. तुमच्या केसाला धक्का लागू देणार नाही, असा लेखी शब्द बाईंच्या देशाने वीस वर्षांपूर्वी दिला होता. त्या कागदावर सह्या झाल्या तेव्हाही मधल्या खुर्चीवर बाईच होत्या. आता उत्तरेच्या देशाने समुद्रातल्या काही बेटांवरचा हक्क सोडायची तयारी दाखवली होती, आणि त्याच्या बदल्यात काय हवं ते न बोलता सगळ्यांना कळलं होतं.

आणि हे सगळं बाई सांगत होत्या त्यांच्या आईच्या भाषेत. आई लग्न होऊन नदी ओलांडून इकडे आली, ती येताना फारसं काही घेऊन आली नव्हती. भाषा तेवढी घेऊन आली. दूध मागायला, रुसायला, अंधाराची भीती वाटते म्हणून सांगायला बाई ज्या भाषेत शिकल्या, ती ही भाषा. पुढे तिच्यावरच त्यांना नोकरी मिळाली. कचेरीतले लोक त्यांना पाठीमागे 'नळ' म्हणत. इकडून ओता, तिकडून तसंच्या तसं बाहेर. बाईंना हे नाव माहीत होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. उलट थोडा अभिमानच होता.

"आज तुम्ही आम्हांला सोडलंत," मंत्री म्हणाले, "तर उद्या तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? बाकीचे बघतायत."

बाईंनी सांगितलं. सचिवांनी चष्मा काढून पुसला.

"ज्याला दुसरीकडे जायला जागा नाही, तो ठेवेल," ते म्हणाले. "आणि ज्याला जागा आहे, तो आजही ठेवत नाही."

बाईंनी तेही सांगितलं. मंत्र्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग त्यांनी एकच मागणं मागितलं. ही गोष्ट नऊ दिवस बाहेर फुटू नये. तेवढ्यात उत्तरेशी बोलून काही पदरात पडतं का ते ते बघणार होते. हातात पत्ते नाहीत हे समोरच्याला कळलं तर बोलणंच संपलं. सचिवांनाही नऊ दिवस हवेच होते. जाहीर होईल त्याच सकाळी नदीवरचा पूल अलीकडच्या बाजूने बंद करायचा होता आणि त्याची तयारी व्हायची होती. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत चाललेल्या त्या बैठकीत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

सचिव पूर्वी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवत. कचेरीत सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत, आणि त्यांची शिकवायची खोड गेली नव्हती. बैठक संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी खिशातून पुदिन्याची गोळी काढून बाईंना दिली.

"घसा बसला असेल तुमचा."

"थोडासा."

"मी निर्दय आहे असं वाटलं असेल."

"मला काही वाटायचं नसतं, साहेब."

प्रोफेसर हसले. "हेच मी मुलांना शिकवायचो. गल्लीत मारामारी झाली तर आपण चौकीवर जातो. देशांच्या वर चौकी नाही. ज्याला मार बसला त्याने तक्रार करायची कुठं? म्हणून प्रत्येकाने आपापलं अंग सांभाळायचं. चांगुलपणा माणसाला शोभतो, बाई. देशाने तो दाखवला, तर किंमत त्याची स्वतःची माणसं मोजतात. ह्याला लोक क्रूर म्हणतात. मी म्हणतो, डोळे उघडे ठेवणं."

बाई गोळी चघळत ऐकत होत्या. ऐकलेलं लगेच दुसऱ्या भाषेत म्हणून बघायची त्यांना सवय होती. अंग सांभाळणं. आईच्या भाषेत त्याला जो शब्द होता, तो थंडीत शाल गुंडाळून घेण्यासाठीही वापरत.

घरी आल्या तेव्हा मुलगी ओट्याशी भाजी चिरत उभी होती. तिने मंत्रालयाची परीक्षा दिली होती, पहिल्या दहांत आली होती, आणि आता फक्त घरच्यांची चौकशी पूर्ण व्हायची होती. दोन दिवसांपूर्वी एक गृहस्थ येऊन शेजाऱ्यांना काय काय विचारून गेले होते. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

"आज काही कळलं का गं, माझ्या कागदांचं?"

"माझ्या खात्यात नसतं ते."

"चेहरा का असा झालाय तुझा?"

"सहा तास बोलतेय. दे, मी चिरते."

तेवढ्यात फोन वाजला. मावशी. आईची धाकटी बहीण. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दर रविवारी मावशीचा फोन यायचा. पण आज मंगळवार होता.

मावशी नदीपलीकडच्या शहरात चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. ज्या गल्लीत राहायची तिथल्या तीन पिढ्यांना तिने अक्षर गिरवायला लावलं होतं, त्यामुळे अख्खी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे आणि घरातल्या भांडणापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत सगळं घेऊन तिच्याकडे येई. बाईंना ती चिमणी म्हणायची. छप्पन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला चिमणी म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

"चिमणे, जेवलीस का?"

"अजून नाही. आज मध्येच कसा फोन?"

"अगं, इथं लोकांनी डोकं उठवलंय माझं. उत्तरेकडून काहीतरी येतंय म्हणतात. बेकरीवाल्याने सामान बांधायला घेतलं, मग बायको म्हणाली नको, मग परत सोडलं. सगळे माझ्याकडे येतात. म्हणतात, तुमची भाची तिकडं एवढ्या मोठ्या कचेरीत, तिला विचारा की, राहायचं का निघायचं."

बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मंत्रालयातल्या माणसांचे फोन ऐकले जातात, हे त्यांना नोकरीला लागल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मावशी, मला ह्या गोष्टी बोलता येत नाहीत. तुला माहिताय."

"माहिताय गं. शाळेत असल्यापासून तू अशीच, तोंडाला कुलूप. तू काही बोलूच नकोस." मावशीचा आवाज हसरा झाला. गल्लीतल्या पोरांना कोडं घालताना व्हायचा तसा. "हे बघ, निघायचं असेल तर नुसती खोक. एकदा. खोकला कोणालाही येतो."

बाईंच्या घशात खरोखरच खवखवत होतं. सहा तास बोलून घसा सोलून निघाला होता आणि दुपारपासून खोकला आत अडून बसला होता. एरवी तो आतापर्यंत चार वेळा येऊन गेला असता. त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला, दुसऱ्या हाताने गळा दाबला आणि आवंढा गिळला. डोळ्यांत पाणी आलं. बाहेर मुलीची सुरी पाटावर टकटक चालली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मावशी थांबली होती. घाई न करता, उत्तर आठवायला वेळ लागणाऱ्या पोरासाठी थांबावं तशी.

"बरं," शेवटी ती म्हणाली. "म्हणजे राहायचं. सांगते मी सगळ्यांना. तू आता जेव, आणि घशाला गरम पाणी घे, आवाज घोगरा येतोय तुझा."

फोन ठेवल्यावर बाईंना ठसका लागला तो थांबेचना. मुलगी पाणी घेऊन धावत आली.

पुढचे दोन दिवस बाई कामावर गेल्या, आल्या, जेवल्या, झोपल्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी प्रोफेसरांच्या खोलीचं दार वाजवलं. एकतीस वर्षांत कामाशिवाय असं पहिल्यांदाच.

"साहेब, पलीकडे माझी मावशी आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला एकटीला इकडे बोलावून घेऊ का? आजारी आहे म्हणून सांगेन. बाकी काही बोलणार नाही."

प्रोफेसरांनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"कशी आहे स्वभावाने?"

"शिक्षिका होती."

"मग ती एकटी येणार नाही. गल्लीला घेऊन येईल. गल्ली निघाली की शहर निघतं. पूल तुंबतो. पूल तुंबला की उत्तरेला कळतं, आणि मग ते नऊ दिवस थांबत नाहीत. ज्या एका बाईला वाचवायला तुम्ही जाल, तिच्यासकट सगळे पुलावर सापडतील." ते थांबले. "माझी आईही सीमेवरच्या गावची होती, बाई. मी हे हसत सांगत नाहीये."

बाई उभ्याच होत्या.

"तुमच्या मुलीची फाईल माझ्याकडे सहीला आली आहे," प्रोफेसर हळूच म्हणाले. "चांगली मुलगी आहे. तुम्ही आता माझ्या खोलीत आला नव्हतात. मला काही विचारलं नाहीत."

ही धमकी होती की मेहेरबानी, हे बाईंना तेव्हाही कळलं नाही आणि पुढे कधीही ठरवता आलं नाही. बहुधा प्रोफेसरांनाही ते ठाऊक नसावं. प्रत्येक जण आपापलं अंग सांभाळत होता, आणि त्यात बाईही आल्या. त्यांनी "येते" म्हटलं आणि दार अलगद ओढून घेतलं.

रविवारी मावशीचा फोन आला. ती बेकरीवाल्याच्या नातीच्या परीक्षेबद्दल बोलली, गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल बोलली. राहायचं की निघायचं, हा विषय तिने पुन्हा काढला नाही. तिच्या लेखी त्याचा निकाल लागला होता. बाईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा कुंड्यांबद्दलच काहीतरी विचारलं.

नवव्या दिवशी सकाळी रेडिओवर जाहीर झालं. पूल बंद झाला. मंत्र्यांच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उत्तरेचं सैन्य आत घुसलं.

बाई फोन करत राहिल्या. पहिले चार दिवस पलीकडे घंटी वाजायची. वाजत राहायची. त्या रिकाम्या घरात कपाटाशेजारच्या तिपाईवर वाजणारा तो फोन त्यांना डोळ्यांसमोर दिसायचा, आणि निदान फोन आहे म्हणजे भिंत आहे, तिपाई आहे, असं त्या मनाला समजावायच्या. पाचव्या दिवसापासून घंटी वाजेनाशी झाली.

त्याच आठवड्यात मुलीच्या नेमणुकीचं पत्र आलं. तिने आईला मिठी मारली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, चांगलं काम कर म्हणाल्या, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ बसल्या.

सात महिन्यांनी लढाई थांबली. उरलेल्या माणसांना बसमधून नदीच्या अलीकडे आणायचं ठरलं. शहराबाहेरच्या एका जुन्या मालगोदामात त्यांची नोंदणी सुरू झाली आणि दुभाषी हवेत म्हणून मंत्रालयात पत्रक फिरलं. बाईंनी आपणहून नाव दिलं. मोठ्या बैठकांत बसणारी बाई तिथं पत्र्याच्या शेडात कशाला जाते, असं सगळ्यांना वाटलं. प्रोफेसरांनी मात्र काही न विचारता सही केली.

गोदामात सहा टेबलं होती आणि दुभाषी दोघंच. बाईंच्या टेबलाशी बसणारा नोंदणी कारकून तरुण होता, मनाने बरा होता, पण त्याला दिवसाला चाळीस अर्ज संपवायचे होते. नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, सोबत कोण, घरातलं कोण गेलं. बाई विचारायच्या, उत्तर सांगायच्या, कारकून लिहायचा. आणि रोज, प्रत्येक माणसाच्या राहण्याच्या ठिकाणापाशी, बाई नकळत मान पुढे काढायच्या.

बाराव्या दिवशी सकाळी साठीच्या पुढची एक बाई समोर येऊन बसली. ताठ पाठीची, बारीक. बोटांच्या टोकांवर सुया टोचल्याच्या जुन्या खुणा. धंदा विचारल्यावर ती शिलाईकाम म्हणाली. आणि राहण्याचं ठिकाण म्हणून तिने मावशीच्या गल्लीचं नाव सांगितलं.

बाईंनी ते कारकुनाला सांगितलं. आवाज नेहमीसारखा निघाला.

"विचारा, लढाई सुरू व्हायच्या आधी शहर का सोडलं नाही," कारकून म्हणाला. अर्जात तसा प्रश्न होता.

शिलाईवालीने पदराने ओठ पुसले. "निघणारच होतो हो, ताई. सामान बांधलं होतं लोकांनी. पण आमच्या गल्लीत एक मास्तरीणबाई होत्या. त्यांची भाची तुमच्या इथं, कुठल्याशा मोठ्या कचेरीत. मास्तरीणबाईंनी तिला फोन करून विचारलं आणि घरोघर येऊन सांगितलं, भाची म्हणते राहा. मोठ्या ठिकाणचं माणूस, तिला सगळं कळत असणार. म्हणून राहिलो."

बाई अर्जावर लिहिलेल्या गल्लीच्या नावाकडे बघत होत्या.

"काय म्हणाली?" कारकुनाने मान वर केली. "बाई?"

"ती म्हणते, गल्लीतल्या एका वृद्ध शिक्षिकेच्या सांगण्यावरून गल्लीतले लोक राहिले," बाई म्हणाल्या. "त्या शिक्षिकेला तिच्या भाचीने राहा म्हणून सांगितलं होतं."

कारकुनाने लिहिलं. "पुढे काय झालं?"

"सैन्य आत आलं त्याच दिवशी पाणी बंद झालं," शिलाईवाली सांगू लागली. "मास्तरीणबाई म्हणाल्या, शाळेचं तळघर पक्कं आहे. त्यांच्याकडे किल्ली होती. सगळ्यांना तिथं नेलं. रांगेत, पोरांना हाताला धरून, सहलीला न्यावं तसं. मी दोन कळश्या घेऊन ओढ्यावर गेले. परत आले तर शाळा नव्हती. शाळाच नव्हती, ताई. मला आधी वाटलं की गल्ली चुकले."

बाईंनी हेही सांगितलं. शब्द न् शब्द. कारकून लिहायचा थांबला आणि त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी शिलाईवालीपुढे ठेवलं. ती प्यायली नाही.

बाईंनी टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. आजवर त्यांनी मधल्या खुर्चीवरून स्वतःचं असं एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. नियमच तो होता.

"ती भाची मी," त्या आईच्या भाषेत म्हणाल्या.

शिलाईवालीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"चिमणी?"

"हो."

"तुझा फोटो होता त्यांच्या कपाटावर. त्यात तू बारीक होतीस." तिचा हात टेबलावरून पुढे आला आणि बाईंच्या मनगटावर टेकला. "अगं पोरी. म्हणजे तुलाही फसवलं म्हणायचं ह्या लोकांनी. तुला तरी कुठून माहीत असणार, इथं खुर्चीवर बसून बोलायचं काम तुझं."

हात खरखरीत होता, ऊबदार होता. सात महिन्यांत बाईंना कोणी असा हात लावला नव्हता, कारण कोणाला काही सांगितलंच नव्हतं. नुसती मान हलवली असती तर तो तिथंच राहिला असता.

"नाही," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं."

शिलाईवालीला समजायला वेळ लागला.

"कधीपासून?"

"नऊ दिवस आधीपासून."

"पूल कधी बंद झाला?"

"नवव्या दिवशी."

शिलाईवालीने हात काढून घेतला. रागाने झटकला नाही. गरम भांड्यावरून काढावा तसा काढला.

"पुलापर्यंत चालत चार तास," ती म्हणाली. "लहान पोरं घेऊन सहा. नऊ दिवसांत आम्ही म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन गेलो असतो."

"मी राहा म्हणाले नव्हते," बाईंच्या तोंडून निघून गेलं. आणि निघाल्याबरोबर त्यांना स्वतःचीच शरम वाटली. "मी काहीच म्हणाले नव्हते. मावशीने विचारलं आणि मी गप्प बसले."

"का?"

कायदा होता. शपथ होती. पूल तुंबला असता, उत्तरेला कळलं असतं. प्रोफेसरांनी दिलेलं हे सगळं बाईंना पाठ होतं, आणि ते खोटं होतं असंही नव्हतं. सात महिने त्या हीच उत्तरं स्वतःला देत आल्या होत्या. पण आईच्या भाषेत त्यांना ती जुळवता येईनात.

"सांगितलं असतं तर माझं नुकसान झालं असतं," त्या म्हणाल्या. "मुलीची नोकरी गेली असती. मला तुरुंगात टाकलं असतं."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"काय चाललंय?" कारकुनाने विचारलं. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. फक्त दोघींचे चेहरे दिसत होते. शिलाईवालीने त्याच्याकडे वळून बाईंकडे बोट केलं, हाताने नको नको केलं, आणि दुसऱ्या टेबलांकडे हात दाखवला. हे कळायला भाषा लागली नाही.

"तिला दुसरा दुभाषी हवाय," तरी बाईंनी सांगितलं.

"दुसरा आज रजेवर आहे. सोमवारी येईल. पण अर्ज आज झाला नाही तर तिला झोपायला खाट मिळणार नाही, औषधं मिळणार नाहीत. सांगा तिला."

बाईंनी सांगितलं. शिलाईवालीने उठून मागे वळून पाहिलं. मागे शे-सव्वाशे माणसांची रांग होती. मग ती परत बसली. खुर्ची तिने तिरकी करून घेतली, कारकुनाकडे तोंड केलं, आणि पुढची सगळी उत्तरं त्याच्याकडे बघत दिली. आवाज तेवढा बाईंकडून जात होता. आजार कोणते, सही येते का, इकडे ओळखीचं कोणी आहे का. ह्या शेवटच्या प्रश्नाला ती नाही म्हणाली.

"घरातलं कोण गेलं?"

"मी एकटीच होते. नवरा आधीच गेलेला. पण गल्लीतली सगळी माणसं सांगते, ती लिहून घ्या."

कारकुनाने अर्ज उलटून पाहिला, परत सुलटा केला. "फक्त नातेवाईक," तो ओशाळून म्हणाला. "शेजाऱ्यांसाठी रकाना नाही. खरंच नाही. त्यांचं त्यांच्या घरच्यांनी येऊन सांगायचं."

बाईंनी ते सांगितलं.

"त्यांच्या घरचं कोणी उरलेलं नाही," शिलाईवाली म्हणाली.

बाईंनी हेही सांगितलं. कारकुनाने अर्जावर शिक्का मारला, खाटेची चिठ्ठी फाडून दिली आणि पुढच्या माणसाला हात केला.

दुपारी जेवायच्या सुट्टीत टेबलं रिकामी झाली. बाई एकट्याच बसल्या होत्या. डबा उघडला नव्हता. समोरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिलाईवाली येऊन बसली. खुर्ची तिने सरळ ठेवली होती. डोळे कोरडे होते आणि त्यांत दया नव्हती.

"तुझ्याजवळ कागद आहे?"

बाईंनी खराब झालेल्या अर्जांचा गठ्ठा ओढला आणि वरचा पाठकोरा कागद उलटा करून समोर घेतला.

"माझ्या माघारी हे कोणाच्याच ध्यानात राहायचं नाही," शिलाईवाली म्हणाली. "आणि मला लिहिता येत नाही. मास्तरीणबाई शिकवते म्हणायच्या, मीच आज-उद्या करत राहिले. तू लिही. आपल्या भाषेत लिही. गल्लीच्या तोंडाकडून सुरुवात करते. पहिलं घर बेकरीवाल्याचं. सहा माणसं."

तिने सहा जणांची नावं सांगितली, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, वयासकट. बाईंनी लिहिली. आईच्या भाषेत लिहायची सवय मोडली होती. एका अक्षरापाशी त्या अडल्या, शिलाईवालीने नाव पुन्हा सावकाश उच्चारलं.

"दुसरं घर. दोघं भाऊ, थोरल्याची बायको, तिला सातवा महिना होता. तेही लिही."

तिसरं घर झालं, चौथं झालं. जेवायची सुट्टी संपली. कारकून परत आला, दोघींकडे पाहिलं, आणि रांगेतल्या माणसांना जरा थांबा अशी खूण करून दाराशी जाऊन उभा राहिला. सातव्या घरात एका पोराचं नाव शिलाईवालीला आठवेना. तिने डोळे मिटून बोटांनी हवेत टाके घातल्यासारखं केलं, आणि नाव सापडलं.

अकराव्या घरापाशी ती थांबली.

"हे तुला ठाऊक आहे," ती म्हणाली.

बाईंनी मावशीचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे वय लिहिलं, अठ्ठ्याहत्तर. शिलाईवालीने पेन कागदावरून उचललं जाईपर्यंत वाट पाहिली, आणि मग बारावं घर सांगितलं.